पूल एक, नगरपरिषदा दोन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सप्टेंबर २०२५ च्या महापुरानंतर मराठवाड्यातील पुलांविषयी आमच्याकडे सातत्याने पत्रे येत आहेत. नदीच्या दोन काठांवरील शेजारी शहरांनी रोजच्या ये-जा करण्याच्या पुलाचा खर्च कसा वाटून घ्यावा, या एकाच विषयावरची पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार गावांची नावे दिलेली नाहीत. गोदावरी, पूर्णा, दुधना किंवा मांजरा यांच्या काठी राहणाऱ्या वाचकांना हे प्रश्न परके वाटणार नाहीत.

प्रश्न : आमचे गाव नदीच्या दक्षिण काठावर आहे आणि पलीकडे तालुक्याचे मोठे शहर आहे. दोन्हीकडे स्वतंत्र नगरपरिषदा आहेत. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की मधला फरशी पूल पाण्याखाली जातो आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुली, मोंढ्यातील हमाल, दवाखान्यात निघालेले रुग्ण अशा सर्वांनाच लांबचा वळसा घ्यावा लागतो. उंच पुलाला आता मंजुरी मिळाली आहे. परंतु शासनाचे अनुदान वजा जाता उरलेला स्वहिस्सा दोन्ही नगरपरिषदांनी भरायचा आहे. पुलावरून जाणारे बहुतेक लोक आमच्या गावचे असल्यामुळे मोठा वाटा आम्ही उचलावा, असे पलीकडची नगरपरिषद म्हणते. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी व्हावी, असे आमचे म्हणणे आहे. न्याय्य सूत्र कोणते?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोन्ही बाजू अर्धेच मोजत आहेत. लोकसंख्येच्या आकड्यावरून कोणत्या गावात किती लोक राहतात ते कळते, त्यांपैकी किती जण पूल ओलांडतात ते कळत नाही. मोठ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारे कुटुंब वर्षातून एखाद्या वेळी नदीपलीकडे जात असेल, आणि तुमच्या गावातील एकाच घरातून रोज तीन माणसे जात असतील. उलट, पूल ओलांडणाऱ्याचे घर कोणत्या काठावर आहे एवढेच पाहिले, तर तो पलीकडे का जातो हा प्रश्न सुटून जातो. हमाल मोंढ्यात पोहोचला नाही तर त्याची मजुरी बुडते हे खरेच. पण त्याच दिवशी अडत्याचा मालही पडून राहतो. विद्यार्थिनी वर्गात आली नाही तर तिचे नुकसान होते, आणि ज्या महाविद्यालयाचे निम्मे वर्ग नदीपलीकडच्या मुलींनी भरतात त्या महाविद्यालयाचेही होते. दवाखाने, औषधांची दुकाने, कापडपेठ, खानावळी यांचे गिऱ्हाईक पुलावरूनच येते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, वाटणीसाठी प्रवाशाचे घर न मोजता प्रवासाची दोन्ही टोके मोजावीत. तुमच्या गावातून निघून मोठ्या शहरात संपणाऱ्या प्रवासाचे एक टोक तुमच्याकडे असते आणि दुसरे त्यांच्याकडे. तो प्रवास रोज कोण करतो याने त्यात फरक पडत नाही. असे मोजले की केवळ या दोन गावांमधल्या प्रवासाचा भार आपोआप निम्मा-निम्मा होतो. ‘लोक तुमचे आहेत’ हा युक्तिवाद त्यामुळे गळून पडतो, आणि ‘आम्ही संख्येने थोडे आहोत’ हा तुमचा युक्तिवादही तेवढ्यापुरता बाजूला पडतो. हे तुमच्या गावाला कदाचित रुचणार नाही. परंतु मोठ्या शहराकडून न्यायाची अपेक्षा करताना आपलेही माप खरे असायला हवे.

आता मोजणी कशी करावी, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक वाद मोजणी न करता केलेल्या अंदाजांमुळे चिघळतात. रस्त्यावरील रहदारीची गणना साधारणपणे सलग सात दिवस, चोवीस तास केली जाते. वेगवेगळी वाहने एकाच मापात आणण्यासाठी भारतीय रस्ते महासभेच्या प्रमाणकांनुसार मोटारगाडी हे एक एकक धरतात. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या कोष्टकात दुचाकीला ०.५, बस किंवा ट्रकला ३, ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरला ४.५ आणि बैलगाडीला ८ एकके दिली आहेत. बैलगाडी एवढी ‘मोठी’ कशी, असे प्रथम वाचणाऱ्याला वाटते. परंतु ती हळू चालते आणि तिच्यामागे रहदारी तुंबते, म्हणून तिला हे माप दिलेले आहे. आपल्याकडे या कोष्टकाला फार महत्त्व आहे. गाळप हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पुलावरून कारखान्याकडे जात असताना केलेली गणना, आणि जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत केलेली गणना, या दोन्हींचा एकमेकींशी मेळ बसणार नाही. त्यामुळे एकदा हंगामात आणि एकदा हंगामाबाहेर अशी दोन वेळा गणना करावी, आणि दोन्ही वेळी निवडलेल्या आठवड्यात आठवडी बाजाराचा दिवस आलाच पाहिजे.

केवळ वाहने मोजून मात्र भागणार नाही. दोन्ही काठांवर माणसे उभी करून, थांबणाऱ्या वाहनांपैकी काहींना ‘कुठून निघालात, कुठे जाणार, कशासाठी’ एवढे तीनच प्रश्न विचारावेत. पायी जाणाऱ्यांना, सायकलस्वारांना आणि काळी-पिवळीतील प्रवाशांना यातून वगळू नये. एका जीपमध्ये दहा माणसे असतात आणि वाहनांच्या तक्त्यात ती एक जीप म्हणूनच उतरते. हे काम दोन्ही नगरपरिषदांच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र करावे आणि प्रत्येक पाळी संपताना तक्त्यावर दोघांच्याही सह्या असाव्यात. एकट्या नगरपरिषदेने केलेली गणना दुसरी मान्य करत नाही, आणि मग तेच काम पुन्हा करावे लागते.

या चौकशीतून तिसरा गट समोर येईल. ज्यांचे एकही टोक या दोन गावांत नाही, जे पुलावरून केवळ पुढे जातात, त्यांचा भार दोन्ही नगरपरिषदांनी का सोसावा? पूल ज्या रस्त्यावर आहे तो राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर त्याची जबाबदारी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे येते. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. त्यामुळे पुढे जाणाऱ्या रहदारीचे प्रमाण सिद्ध झाले की तेवढा वाटा त्या यंत्रणेकडे किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून मागावा. उसाची वाहतूक लक्षणीय निघाली तर कारखान्याकडेही वाटा मागायला संकोच करू नये. पूल बुडाला की त्याचाही ऊस काट्यावर वेळेत पोहोचत नाही.

राहिला प्रश्न ऐपतीचा. टोके समान असली तरी दोन्ही नगरपरिषदांचे खिसे समान नाहीत. लोकसंख्या हे ऐपतीचे चांगले माप नव्हे. मालमत्ता कराची वार्षिक मागणी हे अधिक प्रामाणिक माप आहे, कारण बाजारपेठेतील दुकाने, लॉज, रुग्णालये आणि गोदामे त्यात दिसतात. प्रत्यक्ष वसुलीऐवजी मागणी धरावी, असे मी मुद्दाम सुचवतो. वसुली धरली तर थकबाकी न वसूल करणाऱ्या नगरपरिषदेला कमी वाटा भरण्याचे बक्षीस मिळेल.

हे सर्व एका काल्पनिक उदाहरणात मांडतो. समजा स्वहिस्सा ६ कोटी रुपये आहे आणि गणनेत पुढे जाणारी रहदारी २० टक्के निघाली. तेवढे १ कोटी २० लाख वरच्या यंत्रणांकडे मागायचे. उरले ४ कोटी ८० लाख. त्यातील निम्मे, म्हणजे २ कोटी ४० लाख, प्रवासाच्या टोकांप्रमाणे समान वाटले तर प्रत्येकी १ कोटी २० लाख होतात. उरलेले निम्मे मालमत्ता कराच्या मागणीप्रमाणे वाटायचे. मोठ्या शहराची मागणी ९ कोटी आणि लहान गावाची ३ कोटी असेल, तर ते प्रमाण तीनास एक असे होते. म्हणजे १ कोटी ८० लाख आणि ६० लाख. एकूण मोठ्या शहराकडे ३ कोटी आणि लहान गावाकडे १ कोटी ८० लाख येतात. निव्वळ समान वाटणीत लहान गावाला २ कोटी ४० लाख द्यावे लागले असते आणि निव्वळ ऐपतीवर १ कोटी २० लाख. हा आकडा या दोहोंच्या बरोबर मध्ये येतो. दोन्ही भागांचे प्रमाण निम्मे-निम्मेच असावे असा माझा आग्रह नाही. ते चर्चेने थोडे इकडे-तिकडे करता येईल. मात्र सूत्र आधी ठरावे आणि गणनेचे आकडे नंतर उघडावेत. आकडे हाती आल्यावर सूत्र शोधायला बसले की प्रत्येक जण आपल्या सोयीचे सूत्र शोधतो.

प्रश्न : मी मोठ्या शहराचा करदाता आहे. आमच्या गल्लीतील नाल्या तुंबलेल्या असताना, आमच्या मालमत्ता करातून परगावच्या लोकांच्या सोयीसाठी पूल का बांधावा? जो पूल वापरेल त्याच्याकडून पथकर घ्यावा, म्हणजे वाटणीचा वादच उरणार नाही.
— एक व्यापारी

उत्तर : तुमच्या तक्रारीचा पहिला भाग मी हलक्याने घेत नाही. नदीपलीकडून रोज कामाला येणारा माणूस तुमच्या शहराचे रस्ते, दिवे, स्वच्छतागृहे वापरतो, पण त्याचा मालमत्ता कर दुसऱ्या नगरपरिषदेला मिळतो. त्याच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. पण १९७५ च्या कायद्याप्रमाणे तो राज्य शासन वसूल करते. म्हणजे माणूस काम करतो ते शहर आणि त्याच्या नावाने कर जमा होतो ते ठिकाण, यांचा काही मेळ राहत नाही. ज्या शहरांत शेजारच्या गावांतून मोठ्या संख्येने लोक कामाला येतात, त्यांना या कराचा काही भाग परत मिळावा ही मागणी रास्त आहे, आणि ती तुमच्या नगरपरिषदेने ठराव करून शासनाकडे लावून धरायला हवी. परंतु याच माणसामुळे तुमचे दुकान चालते, आणि त्या दुकानाचा वाढीव कर तुमच्याच नगरपरिषदेच्या तिजोरीत जातो, हीही बाजू हिशेबात धरा.

पथकराविषयी मी वेगळ्या कारणांनी प्रतिकूल आहे. राज्याच्या पथकर नाक्यांवर दुचाकीला कर नसतो, आणि तालुक्याच्या पुलावर सर्वाधिक रहदारी दुचाकींचीच असते. २०१५ मध्ये राज्याने बारा नाके पूर्ण बंद केले आणि आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारी, हलकी वाहने व एसटी बस यांना सूट दिली. २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना सूट मिळाली. अशा वातावरणात छोट्या पुलावर मोटारींकडून कर घेणे टिकणार नाही. दुचाकी, मोटारी आणि एसटी वगळल्यावर उरतात ते मालाचे ट्रक आणि उसाचे ट्रॅक्टर, आणि त्यांच्याकडून गोळा होणाऱ्या रकमेतून नाक्यावरच्या माणसांचे पगार, संगणक आणि ठेकेदाराचा नफा वजा केला की हाती फारसे काही उरत नाही. पथकर लागलाच आणि जुना फरशी पूलही खुला राहिला, तर पैसे वाचवण्यासाठी ट्रॅक्टर पाणी येईपर्यंत जुन्याच पुलावरून जातील. ते धोक्याचे आहे.

अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या दोन पुलांचा इतिहास या संदर्भात उपयोगी पडतो. कोलंबिया नदीवर पोर्टलंड आणि पलीकडच्या राज्यातील व्हँकुव्हर यांना जोडणारा पूल १९१७ मध्ये खुला झाला. तो दोन्ही काठांवरच्या दोन काउंट्यांनी मिळून बांधला. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक. पोर्टलंडकडील मल्टनोमा काउंटीने साडेबारा लाख डॉलरचे रोखे उभारले आणि लहान क्लार्क काउंटीने पाच लाखांचे. पुढे १९२९ मध्ये दोन्ही राज्यांनी तो पूल घेतला आणि त्यावरील पथकर बंद झाला. म्हणजे वाटणी असमान होती, पण लहान काठानेही ती खुशीने आणि लेखी स्वीकारलेली होती.

त्याच शहरातील सेलवुड पुलाची कथा याच्या उलट आहे. १९२५ मध्ये बांधलेला हा पूल जीर्ण झाला तेव्हा २००४ मध्ये त्यावरील वजनाची मर्यादा दहा टनांवर आणावी लागली आणि शहरबसला वळसा घ्यावा लागला. पूल मल्टनोमा काउंटीच्या मालकीचा होता, पण रोज वापरणाऱ्यांत शेजारच्या क्लॅकमस काउंटीच्या रहिवाशांचा भरणा फार मोठा होता. मल्टनोमाने आपल्या वाहनधारकांवर वर्षाला १९ डॉलरचे नोंदणी शुल्क बसवले. क्लॅकमसच्या प्रतिनिधींनी ५ डॉलरचे शुल्क मंजूर केले होते, परंतु मे २०११ मध्ये तेथील मतदारांनी ते फेटाळले. नवा पूल २०१६ मध्ये झाला, पण क्लॅकमसचा वाटा इतरत्र शोधावा लागला. पूल ज्याच्या हद्दीत त्याचाच खर्च, ही समजूत लोकांच्या मनात किती खोल असते ते यावरून कळते. म्हणूनच दोन नगरपरिषदांच्या बैठकीत ठरलेला वाटा गावातील लोकांपुढे, व्यापारी संघापुढे, वॉर्डांतील सभांमध्ये आकड्यांसह मांडणे आवश्यक आहे. नगराध्यक्षांनी हस्तांदोलन केले म्हणजे गावाने वाटा स्वीकारला, असे होत नाही.

प्रश्न : दोन नगरपरिषदांना असा संयुक्त खर्च करण्याचा कायदेशीर आधार आहे काय?
— एक नगरसेवक

उत्तर : आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ य घ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असते, आणि विकास आराखड्याचा मसुदा करताना पंचायती व नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी, पाणी आणि इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास यांचा विचार करण्याचे बंधन तिच्यावर घातलेले आहे. दोन गावांमधल्या पुलाला याहून चपखल जागा सापडणार नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा स्वतंत्र अधिनियमही आहे. व्यवहारात या समितीपुढे प्रत्येक लोकप्रतिनिधी आपापल्या भागाची कामे मांडतो आणि दोन गावांचे सामाईक काम कोणाचेच नसल्यामुळे मागे पडते. ते टाळण्यासाठी दोन्ही नगरपरिषदांनी एकाच मजकुराचा ठराव आपापल्या सर्वसाधारण सभेत मंजूर करावा आणि दोन्ही मुख्याधिकाऱ्यांच्या सह्यांचा एकच प्रस्ताव समितीकडे पाठवावा. मजकूर एकच हवा, यावर मी भर देतो. एका ठरावात ‘पन्नास टक्क्यांपर्यंत’ आणि दुसऱ्यात ‘किमान पन्नास टक्के’ असे शब्द राहिले तर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि देयके अडतात.

प्रश्न : दोन्ही गावे एकत्र करून एकच नगरपरिषद केली, तर हा प्रश्न कायमचा सुटणार नाही काय?
— एक विद्यार्थी

उत्तर : पुलापुरता सुटेल. नांदेड आणि वाघाळा यांची मिळून १९९७ मध्ये महानगरपालिका झाली आणि गोदावरीचे दोन्ही काठ एका अंदाजपत्रकाखाली आले. पुढे नांदेडचा समावेश केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात झाला, तेव्हा दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना केंद्र ८०, राज्य १० आणि शहर १० टक्के असे प्रमाण होते. शहराचे ते १० टक्के कोणत्या काठाने द्यायचे, हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही. परंतु एका पुलाच्या खर्चासाठी लहान गावाने आपली नगरपरिषद विसर्जित करावी, असा सल्ला मी देणार नाही. पाणी, घनकचरा, शाळा, कराचे दर असे अनेक विषय त्यात गुंतलेले असतात.

प्रश्न : आमच्याकडचा पूल काही वर्षांपूर्वी दोन नगरपरिषदांनी मिळून बांधला. उद्घाटनानंतर त्याच्याकडे कोणी पाहिलेले नाही. दिवे बंद आहेत, कठड्याच्या सळया उघड्या पडल्या आहेत, आणि दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात. बांधकामाच्या करारात देखभालीचा उल्लेख नाही. आता काय करता येईल?
— नदीकाठचे काही रहिवासी

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला हे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटते. बांधकामाच्या खर्चावर वर्षभर भांडणारी माणसे देखभालीचा विषय एका ओळीतही लिहीत नाहीत, आणि पूल पुढे कित्येक दशके वापरायचा असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या बसगाड्यांसह वाहने वाहून गेली. जून २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पादचारी पूल माणसांसह पडला. या घटनांनंतर सर्व पुलांच्या तपासणीचे आदेश निघतात. परंतु ज्या पुलाचा मालक नक्की नाही, त्याच्या तपासणीचा कागद कोणाच्या टेबलावर जाणार?

पूल जवळून पाहिला तर त्याची दुखणी बहुधा साधीच असतात. पृष्ठभागावरचे पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या मातीने आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी बुजतात, पाणी साचते, ते प्रसरण सांध्यांतून, म्हणजे उन्हात पूल फुगतो म्हणून मुद्दाम ठेवलेल्या फटींतून, झिरपून खालच्या बेअरिंगवर, म्हणजे पूल खांबांवर ज्यांवर टेकतो त्या आधारांवर, पडते आणि तेथील लोखंड गंजू लागते. कठड्याच्या फटीत पिंपळाचे रोप उगवते. पहिल्या वर्षी ते हाताने उपटता येते, पाचव्या वर्षी त्याच्यासाठी दगड फोडावा लागतो. नळ्या वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर, साफ करायला दोन मजूर पुरतात. पण ते मजूर कोणी लावायचे हे ठरलेले नसते. आपल्याकडे सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या आणि मोटार दुरुस्तीचा खर्च दोन्ही भावांना तोंडपाठ असतो, कारण पाळी चुकली तर पीक वाळते. पुलाच्या बाबतीत तेवढा नेमकेपणा दोन नगरपरिषदांनी कागदावर आणायला हवा.

गोदाकाठच्या पुलांना वाळूउपशाचा वेगळा धोका आहे. खांबांच्या पायाभोवतीची वाळू काढली गेली की पुराचे पाणी तेथे भोवरा करून आणखी खोल खड्डा पाडते आणि पाया उघडा पडतो. पुलावर उभे राहून हे दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर नदीपात्रात उतरून प्रत्येक खांबाशी पात्राची पातळी मोजावी लागते आणि ती मागील वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहावी लागते. ही नोंदवही ठेवण्याचे काम एका नगरपरिषदेकडे आणि तिची पडताळणी दुसरीकडे द्यावी. पुलाजवळच्या उपशाची तक्रार तहसील कार्यालयाकडे दोन्ही नगरपरिषदांच्या नावाने गेली, तर तिचे वजनही वाढते.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे : बांधकामाच्या वेळी ज्या प्रमाणात खर्च वाटला गेला, त्याच प्रमाणात देखभालीचा वाटा आता पूरक कराराने ठरवता येतो. दोन्ही नगरपरिषदांनी आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात त्या पुलासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, दरवर्षी ठरलेली रक्कम एका संयुक्त बँक खात्यात भरावी आणि ती दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही अशी अट लिहावी. कामे प्रत्यक्ष करण्याची जबाबदारी मात्र एकाच नगरपरिषदेकडे असावी. पैसा दोघांचा आणि हुकूम एकाचा, अशी रचना टिकते. हुकूमही दोघांचा ठेवला की एका दिव्याच्या बल्बसाठी दोन कार्यालयांत फाईल फिरते. दिव्यांचे वीजबिल कोणत्या नगरपरिषदेच्या मीटरवर येणार, हेही त्या करारात लिहा, कारण बहुतेक पुलांवरचा अंधार याच एका कारणाने असतो. तोपर्यंत उघड्या सळयांची छायाचित्रे दिनांकासह काढून दोन्ही मुख्याधिकाऱ्यांना आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयाला एकाच अर्जाने द्या आणि पोहोच घ्या.

प्रश्न : नव्या पुलाचे काम लांबले आणि खर्च वाढला, तर वाढीव रक्कम कोणी भरायची?
— एक लेखापाल

उत्तर : करारात ज्याच्यामुळे विलंब झाला त्याने, आणि कोणाचाच दोष नसेल तर मूळ प्रमाणात, असे लिहावे. पोचरस्त्याची जागा वेळेत न दिल्याने काम थांबले, तर ती जागा ज्याच्या हद्दीत आहे त्याने वाढीव खर्च सोसावा. पुरामुळे काम थांबले, तर दोघांनी. सिमेंट-पोलादाचे दर वाढल्यास सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव जातो आणि त्या वेळी शासनाचे अनुदान मूळ रकमेवरच थांबले, तर सारी वाढ स्थानिक संस्थांवर येते. ही शक्यता पहिल्याच बैठकीत उघड बोलावी. लहान नगरपरिषदेसाठी वाढीव खर्चाची कमाल मर्यादा ठरवून ठेवणे मला योग्य वाटते, कारण तिच्या अंदाजपत्रकात अचानक आलेला एखादा कोटी रुपयांचा बोजा पाणीपुरवठ्याच्या वीजबिलावर उतरतो.

प्रश्न : पुलाचा दक्षिणेकडील पोचरस्ता आमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतून जातो. आमच्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार आहेत. आम्हालाही खर्चाचा वाटा मागितला जात आहे. तो देणे बंधनकारक आहे काय?
— एक सरपंच

उत्तर : ज्या गावाची जमीन जाते त्याच्याकडून पुन्हा रोख वाटा मागणे मला अन्यायाचे वाटते, आणि लेखी कराराशिवाय तसे बंधनही येत नाही. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यानुसार ग्रामीण भागात बाजारमूल्याला एक ते दोन या दरम्यानच्या गुणकाने गुणून आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम धरून मोबदला मिळतो. तो संपूर्ण खर्च पुलाच्या एकूण खर्चात धरावा आणि दोन्ही नगरपरिषदांत वर सांगितलेल्या सूत्राने वाटावा. ग्रामसभेने सहमती देताना दोन अटी मात्र लेखी घालून घ्याव्यात : भरावाखालून गुरे, बैलगाड्या आणि पावसाचे पाणी जाईल एवढ्या रुंदीचा मार्ग ठेवावा, आणि गावचा फाटा पोचरस्त्याला सुरक्षित उताराने जोडावा. या दोन्ही गोष्टी नकाशावर दाखवल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये, कारण भराव एकदा घातल्यावर त्याच्याखालून मार्ग काढणे फार खर्चाचे होते.